इंजिन वळणावर रूळ सोडतं? मॉडेल रेल्वे करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मॉडेल रेल्वेचा नाद असलेली घरं बरीच आहेत. कोणाला परदेशातल्या नातेवाइकांनी ट्रेन सेट आणून दिलेला असतो, कोणी निवृत्त झाल्यावर गॅलरीत प्लायवुडचं टेबल मांडतं. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ मध्ये सुरू केलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघून आलेली मुलं आठवडाभर आईवडिलांच्या मागे लागतात. सुरुवात कशीही झाली तरी तक्रार बहुतेक एकच येते: सरळ रुळावर इंजिन छान पळतं, वळण आलं की उतरतं.

खालची उत्तरं मुख्यतः एचओ आणि डबल-ओ या मॉडेल गाड्यांच्या दोन प्रचलित मापांसाठी आहेत. दोन्हींचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिमीच असतं, त्यामुळे बहुतेक गोष्टी दोन्हींना लागू पडतात. एन मापाला (गेज ९ मिमी) तत्त्वं तीच, आकडे वेगळे.

दोष इंजिनात आहे की रुळात, हे कसं ओळखायचं?

स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी हे ठरवायलाच हवं. इंजिन एकटं, डबे न जोडता, अगदी हळू चालवा. जिथे घसरेल तिथे रुळाशेजारी पेन्सिलने खूण करा. असं पाच-सहा वेळा करा, मग इंजिन उलटं फिरवून ठेवा आणि पुन्हा चालवा. शक्य असेल तर दुसरं एखादं इंजिन त्याच रुळावर सोडा.

सगळ्या खुणा एकाच बोटभर जागेत आल्या आणि दुसरं इंजिनही तिथेच अडखळलं, तर रूळ दोषी. खुणा सगळ्या वळणांवर विखुरल्या आणि दुसरं इंजिन बिनतक्रार गेलं, तर इंजिन. इंजिन एका तोंडाने घसरतं आणि फिरवून ठेवलं की घसरत नाही, असं असेल तर एकाच बाजूच्या बोगीत (म्हणजे डब्यात नव्हे, इंजिनाखालच्या चाकांच्या फिरत्या चौकटीत) किंवा एकाच चाकजोडीत बिघाड आहे आणि तुमचं निम्मं काम झालं.

चौथी शक्यता लोकांना सर्वात जास्त छळते: एकच इंजिन, एकच जागा, बाकी सगळं ठीक. अशा वेळी दोष दोन्हीकडे थोडाथोडा असतो. रूळ अर्धा मिलिमीटर वाकडा, चाकं अर्धा मिलिमीटर जवळ. वेगवेगळे ते खपून जातात, एकत्र आले की घसरण होते. दोन्ही दुरुस्त करा. त्यातलं एकच केलंत तर पुढच्या नव्या इंजिनाला पुन्हा तीच तक्रार येईल.

मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा इथे फार उपयोगी पडतो. मोबाइल रुळाच्या उंचीवर आडवा ठेवून चित्रण करा. डोळ्याला "अचानक उतरलं" असं वाटलेलं असतं. चित्रणात मात्र कोणतं चाक आधी उचललं, कुठे उचललं आणि किती अंतर तसंच अधांतरी गेलं, हे स्पष्ट दिसतं.

वळणावर चाक नेमकं चढतं कसं?

चाकाच्या आतल्या बाजूला जी कड असते, तिला फ्लँज म्हणतात. वळणावर इंजिनाचं पुढचं बाहेरचं चाक बाहेरच्या रुळाला घासत जातं. चाक बाजूला रेटणारा जोर त्यावर खाली दाबणाऱ्या वजनाच्या मानाने फार वाढला, की फ्लँज रुळाच्या कडेवरून वर चढतो आणि पलीकडे पडतो. खऱ्या रेल्वेचे अभियंतेही याच दोन जोरांचं प्रमाण बघतात. म्हणून प्रत्येक वेळी दोनच प्रश्न विचारायचे: बाजूचा रेटा कशाने वाढला, किंवा त्या चाकावरचा भार कशाने कमी झाला?

आपण या इंजिनांकडून केवढी अपेक्षा करतो तेही पाहा. भारतीय ब्रॉडगेजवर वळणाची किमान त्रिज्या १७५ मीटर आहे. एचओच्या १:८७ प्रमाणात ती २ मीटर होते. ट्रेन सेटच्या खोक्यातलं सर्वात आतलं वर्तुळ मात्र ३७१ मिमीचं असतं, काही कंपन्यांचं ३६० मिमीचं. खरी गाडी सौम्य वळणावर चाकांच्या किंचित उतरत्या, २० ला १ उताराच्या घडणीमुळे बरीचशी आपोआप वळते. आपल्या वर्तुळावर सगळं वळवण्याचं काम फ्लँजलाच करावं लागतं. मग अर्ध्या मिलिमीटरची चूकही महाग पडते.

रुळांच्या जोडावर काय तपासायचं?

माझा सर्वात जास्त वेळ इथेच जातो, आणि तुमचाही जावा. वळणावरच्या घसरणीचं मूळ बहुतेक वेळा दोन रुळांच्या जोडावर सापडतं.

आधी नख. बोटाचं नख रुळाच्या आतल्या कडेवरून, ज्या बाजूने फ्लँज जातो तिथून, दोन्ही दिशांनी फिरवा. नख जिथे अडलं तिथे फ्लँजही अडणार. मग तसंच रुळाच्या माथ्यावरून. एक रूळ दुसऱ्यापेक्षा केसभर वर असेल तर नखाला लगेच कळतं, डोळ्याला कळत नाही.

आता खाली वाकून जॉइनरकडे, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या छोट्या पत्र्याच्या पन्हाळीकडे बघा. घाईत जोडताना एक रूळ पन्हाळीत जाण्याऐवजी तिच्या डोक्यावर बसतो. वरून पाहिलं तर जोड सरळ दिसतो, पण एक रूळ पत्र्याच्या जाडीइतका उचललेला असतो. टॉर्च टेबलावर आडवी ठेवून रुळाच्या रेषेत प्रकाश पाडा. उचललेल्या टोकाची सावली पुढच्या रुळावर पडते.

तिसरी गोष्ट कोपरा. तयार तुकड्यांच्या वळणात तो सहसा येत नाही. फ्लेक्स ट्रॅक, म्हणजे साधारण ९१ सेंमी लांबीचा लवचिक रूळ वापरला की हमखास येतो. दोन लांब तुकडे वळणात जोडले, तर त्यांची टोकं सरळ राहू पाहतात आणि जोडावर कोन पडतो. उपाय असा: दोन्ही तुकडे सरळ असतानाच जोडून सोल्डर करा आणि मग वाकवा. जोड आधीच बसवलेला असेल तर बाजूचे चुके (बारीक खिळे) काढा, दोन-तीन स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, मोकळ्या करा, जोड गोलाईत दाबून धरा आणि पुन्हा ठोका. चुका ठोकताना स्लीपर मध्यभागी दबू देऊ नका. दबला की दोन्ही रूळ आत झुकतात आणि गेज आवळतं.

कापलेल्या टोकाची आतली वरची कड बारीक कानशीने दोन-तीन हलके हात देऊन गोल करा. एवढ्याशा कामाने मी कित्येक वळणं शांत झालेली पाहिली आहेत. या कानशीवर माझा जीव आहे.

गेज घरच्या घरी कसं मोजायचं?

व्हर्निअर कॅलिपरच्या आतल्या मापाच्या टोकांनी दोन रुळांच्या माथ्यांमधलं अंतर मोजा. ते १६.५ मिमीपेक्षा कमी असू नये. वळणावर दोन-तीन दशांश जास्त असलं तर उलट बरंच. १७ च्या वर गेलं की आतलं चाक खाली पडण्याची भीती. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. दर चार-पाच स्लीपरांवर आणि प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना मोजा.

अमेरिकेतली एनएमआरए ही मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना १९३५ पासून या मापांची मानकं ठरवत आली आहे. तिची धातूची गेज-पट्टी मिळाली तर जरूर घ्या. रूळ, चाकं आणि पॉइंटमधल्या (जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथल्या) फटी, सगळं एकाच पट्टीने तपासता येतं.

आमच्याकडे सर्वात लहान वर्तुळ आहे. डेक्कन क्वीनचा रेक (डब्यांची रांग) त्यावर चालेल का?

नाही, डबे नव्या एलएचबी बनावटीचे असोत की जुन्या आयसीएफ बनावटीचे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण डब्यांचा खर्च मोठा असतो.

डेक्कन क्वीनला २०२२ मध्ये एलएचबी डबे लागले. एलएचबी डबा २३.५४ मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये २७ सेंमी. जुना आयसीएफ डबा सुमारे २१.३ मीटर, म्हणजे साडेचोवीस सेंमी. अनुभवी लोकांचा ठोकताळा असा, की वळणाची त्रिज्या सर्वात लांब डब्याच्या निदान अडीच ते तीन पट हवी. दुप्पट असेल तर गाडी जेमतेम जाते. एलएचबीसाठी तिप्पट म्हणजे ८१ सेंमी त्रिज्या. कडेची जागा धरून टेबलाची रुंदी पावणेदोन मीटरच्या पुढे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे टेबल कायमचं मांडून ठेवणं अवघड आहे.

मधला मार्ग असा: ५०५ किंवा ५७२ मिमीची वर्तुळं घ्या आणि त्यांवर मुद्दाम आखूड बनवलेले डबे चालवा. कित्येक कंपन्या असे डबे काढतात, आणि थोड्या अंतरावरून फरक खटकत नाही.

३७१ मिमीवरच थांबायचं असेल तर दोन आसांच्या बोगीचं छोटं इंजिन किंवा सहा चाकी शंटर (यार्डात डबे हलवणारं छोटं इंजिन) निवडा. त्या वर्तुळावर ते सुखाने चालतात.

डाव्या वळणाला लागूनच उजवं वळण आहे. तिथेच घसरतं.

मध्ये सरळ तुकडा घाला. इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणात इंजिनाची पुढची बोगी उजवीकडे वळत असते तेव्हा मागची अजून डावीकडे असते आणि कपलिंग, म्हणजे डबे जोडणारा आकडा, दोन्हीकडे ओढलं जातं. सर्वात लांब डब्याइतका सरळ रूळ मध्ये टाकला की दुखणं संपतं. पॉइंटमधून बाहेर पडून लगेच उलटं वळण येतं तेही याच प्रकारात मोडतं, आणि तिथे ते लक्षात येत नाही.

पावसाळ्यात घसरायला लागतं आणि दिवाळीनंतर आपोआप थांबतं. असं का?

कारण तुमचं टेबल श्वास घेतं. जून ते सप्टेंबर पुण्याच्या हवेतला दमटपणा प्लायवुड आणि एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) शोषून घेतं, फळी फुगते, मधोमध बाक येतो. रूळ फळीला खिळलेला असतो, तो तिच्याबरोबर पिळला जातो. एका रुळाचा माथा दुसऱ्यापेक्षा मिलिमीटरभर खाली गेला की इंजिनाची चार कोपऱ्यांची चाकं एका पातळीत राहत नाहीत, एक हलकं होतं आणि वळणावर तेच चढतं.

फळीची दोन्ही अंगं आणि विशेषतः कापलेल्या कडा रंगवून किंवा पॉलिश करून बंद करा. लोक वरची बाजू रंगवतात आणि खालची कोरी सोडतात. मग पाणी एकाच बाजूने शिरतं आणि फळी जास्तच वाकते. खाली दर ३०-४० सेंमीवर आडवी पट्टी द्या. एमडीएफपेक्षा मी चांगलं १२ मिमी प्लायवुड घ्यायला सांगेन; एमडीएफची एकदा ओल धरलेली कड पुन्हा पूर्ववत होत नाही.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी, तिथे रूळच वाढतो. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ तापमान ३० अंशांनी वाढलं तर साधारण अर्धा मिलिमीटर लांब होतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि एप्रिलच्या दुपारी ४० अंश, एवढा फरक गॅलरीतल्या मांडणीला सहज सोसावा लागतो. सगळे जोड घट्ट सोल्डर केलेले असतील तर वाढलेला रूळ बाजूला फुगतो, आणि फुगतो तो वळणावरच. म्हणून वळणातले जोड सोल्डर करायचे आणि सरळ भागातल्या जोडांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट सोडायची. रूळ हिवाळ्यात बसवत असाल तर फट थोडी जास्त ठेवा.

बॅक-टू-बॅक म्हणजे काय आणि ते किती हवं?

एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर. एचओ आणि डबल-ओच्या तयार मॉडेलमध्ये ते साधारण १४.४ ते १४.५ मिमी असावं. कमी असेल तर चाकं पॉइंटवर उड्या मारतात. जास्त असेल तर दोन्ही फ्लँज रुळांना एकदम घासतात आणि वळणावर चढतात. मोठ्या फ्लँजची जुनी खेळण्यातली चाकं बारीक रुळावर चालवली की फ्लँज स्लीपरवरच्या खिळ्यांच्या ठशांवर टकटक आपटतो. कोड १०० रुळाची उंची २.५४ मिमी असते, कोड ७५ ची १.९ मिमी. जुनी इंजिनं असतील तर कोड १०० घ्या.

चाक सरकवताना दोन्ही चाकं हातात धरून किंचित पिळत ओढा किंवा दाबा, सरळ झटका देऊ नका. दोन्ही चाकं आसाच्या मध्यापासून सारख्या अंतरावर राहिली पाहिजेत. वाफेच्या इंजिनाच्या मोठ्या चाकांना मात्र असं पिळू नका. डावी-उजवी चाकं एकमेकांशी काटकोनात बसवलेली असतात. तो कोन बिघडला की दांडे अडकतात आणि इंजिन लंगडत चालतं.

मोजून झाल्यावर आसाची टोकं चिमट्यात धरून चाकं फिरवा. चाक डुलताना दिसलं तर ते आसावर तिरपं बसलंय, माप बरोबर असलं तरी.

माझं डिझेल इंजिन नवीन आहे. बोगीत काय बघू?

इंजिन मऊ फडक्यावर उलटं ठेवा. बोगी एका बोटाने पूर्ण डावीकडे न्या आणि सोडा. मग उजवीकडे. ती जिथे सोडली तिथेच थांबली पाहिजे. रबर ताणल्यासारखी परत आली, तर आत एखादी वायर तिला ओढते आहे. डिकोडर (डिजिटल नियंत्रणाची चिप) नंतर बसवलेल्या इंजिनांत हे फार आढळतं: वायरी कडक, त्या बोगीच्या वरून आवळून नेलेल्या, आणि वर झाकण दाबून बसवलेलं. पातळ, लवचिक वायर वापरा आणि तिला थोडी ढील द्या.

मग बोगी पुढे-मागे आणि डावी-उजवी डोलवून पाहा. निदान एका बोगीला किंचित डावं-उजवं डोलता आलं पाहिजे, नाहीतर रुळाच्या प्रत्येक चढउताराला चारांपैकी एक चाक उचललं जातं.

आपल्याकडे एक खास प्रकार आहे. घोरपडीच्या डिझेल शेडमधल्या आल्को या अमेरिकी बनावटीच्या इंजिनांवर पुणेकरांचं प्रेम, पण त्यांची तयार मॉडेलं सहज मिळत नाहीत. म्हणून थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी परदेशी चासीवर चढवतात. छान दिसतं. पण बॉडीची खालची कड, पायऱ्या, नाहीतर पुढचा काऊ कॅचर बोगीच्या चाकांना वळणावर अडतो. कुठे अडतं ते कळायला चाकांच्या कडांना ओल्या रंगाचा पुसट हात लावा, इंजिन हाताने वळणावरून ढकला आणि बॉडीच्या आत रंग कुठे लागला ते बघा. तेवढीच जागा कानशीने कमी करा.

तीन आसांच्या बोगीचं इंजिनच का घसरतं? दोन आसांचं कधीच नाही.

कारण मधलं चाक. डब्ल्यूडीएम-२ सारख्या आल्को डिझेल इंजिनाची तीन आसांची बोगी एचओमध्ये जवळपास ४४ मिमी लांब होते. पुढचं आणि मागचं चाक ३७१ मिमीच्या वर्तुळावर असताना रूळ मधल्या चाकापाशी सरळ रेषेपासून सुमारे ०.६५ मिमी बाजूला गेलेला असतो. ६०० मिमीच्या वळणावर हाच आकडा ०.४ मिमीवर येतो. मधल्या आसाला डावं-उजवं सरकायला जागा नसेल, तर बोगी वळणात ताणली जाते आणि पुढचं चाक बाहेर रेटलं जातं.

मधल्या चाकजोडीला बोटाने बाजूला सरकवून पाहा. ती सरकत नसेल तर आत वंगणाचा सुकलेला गोळा, गिअरला अडलेली वॉशर, किंवा वाकलेली तळपट्टी सापडते. तळपट्टीचे स्क्रू जास्त आवळले की आस जखडतात. स्क्रू बसले की पाव फेरा सैल करा.

लांब इंजिन आखूड वळणावर नेण्याचा हा पेच खऱ्या रेल्वेलाही सोडवावा लागला होता, आपल्या शेजारीच. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेलने बनवलेल्या वाफेच्या इंजिनांत क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस होते. त्यात चाकं एका पोकळ आसावर बसतात आणि हा पोकळ आस आतल्या मूळ आसाभोवती थोडा बाजूला सरकू आणि वळू शकतो. घाटातल्या त्या वळणांवर कडक आसांची इंजिनं टिकली नसती. माथेरानला गेलात तर तिथे ठेवलेल्या जुन्या इंजिनासमोर वाकून चाकांकडे नीट बघा.

वाफेच्या इंजिनाची फक्त पुढची छोटी चाकं उतरतात. का?

त्यांच्यावर वजनच नसतं. ती नुसती लटकत जातात. वर हलकी स्प्रिंग आहे का आणि ती निसटली का ते बघा. नसेल तर शिशाचा छोटा तुकडा बोगीच्या चौकटीवर चिकटवा. त्यांचं बॅक-टू-बॅक मोजा. पुढच्या सिलिंडरला किंवा पायरीला चाक अडतं का तेही पाहा.

इंजिन एकटं नीट जातं, डबे जोडले की वळणावर घसरतं.

इथे डब्यांची झडती घ्या. लांब आणि हलका रेक ओढताना वळणावर सगळा ताण आतल्या बाजूला येतो आणि मधले डबे आत कलंडतात. इंजिन मागून ढकलत असेल तर उलट होतं, डबे बाहेर रेटले जातात. भोर घाटात कर्जतहून लोणावळ्याकडे ३७ ला १ चढ आहे आणि मागून बँकर इंजिनं लावतात. मांडणीवर हे दृश्य उभं करायचा मोह कोणाला होत नाही! पण त्यासाठी मोठी वळणं, वजनदार डबे आणि सारख्या वेगाने चालणारी दोन इंजिनं लागतात. आधी ती तयारी, मग घाट.

कपलिंगची उंची दोन्ही बाजूंना सारखी हवी. एक वर, एक खाली असेल तर डबा इंजिनाचं मागचं टोक उचलतो किंवा दाबतो. कपलिंग मोकळेपणी डावं-उजवं फिरलं पाहिजे. आखूड वळणावर ते टोकाला जाऊन अडलं की डबा इंजिनाला रुळावरून ढकलून देतो. आणि बफर एकमेकांत अडकत नाहीत ना ते बघा.

डब्याचं वजन किती असावं? एनएमआरएची शिफारस एचओसाठी २८ ग्रॅम, अधिक दर सेंटिमीटर लांबीमागे साधारण साडेपाच ग्रॅम. साडेचोवीस सेंमीच्या आयसीएफ डब्याला सुमारे १६५ ग्रॅम, २७ सेंमीच्या एलएचबीला १८० च्या आसपास. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. बाजारात मिळणारे बरेच डबे याच्यापेक्षा खूप हलके असतात. हलका डबा इंजिनाच्या लगेच मागे आणि जड डबे शेवटी, ही रचना सर्वात वाईट.

मग इंजिनातच वजन वाढवलं तर?

सर्वात शेवटी. वजन टाकल्यावर घसरण पुष्कळदा थांबते, म्हणूनच हा उपाय लोकांना आवडतो. पण वाकडा जोड वाकडाच राहतो, मोटरवर भार वाढतो, गिअर झिजतात. इंजिन आधी काचेच्या तुकड्यावर ठेवा. पातळ कागदाची पट्टी एकेका चाकाखाली सरकवा. जिथे कागद न अडता जातो ते चाक अधांतरी आहे. तो दोष दुरुस्त करा. त्यानंतरही इंजिन पुढून हलकं वाटलं, तर वजन घाला आणि दोन्ही बोग्यांवर सारखं वाटून घाला.

वेग किती ठेवावा?

खरी गाडी ताशी १०० किमीने धावते तेव्हा एचओ मॉडेलने सेकंदाला ३२ सेंमी जावं. ३७१ मिमीच्या वर्तुळाचा परीघ २.३३ मीटर. म्हणजे एक फेरी सात सेकंदांत. तुमचं इंजिन तीन सेकंदांत फेरी मारत असेल तर ते मापाने ताशी २४० किमीच्या वर पळतंय. लहान मुलांना हे घड्याळ लावून करायला द्या, ती आपणहून वेग कमी करतात.

पण एक लक्षात ठेवा. हळू चालवल्यावर घसरणं बंद झालं याचा अर्थ दोष गेला असा नाही. उलट, अगदी मुंगीच्या चालीवरही घसरत असेल तर रुळात किंवा इंजिनात ठळक बिघाड आहे आणि तो सापडायला सोपा आहे.

खऱ्या रेल्वेसारखा बाहेरचा रूळ उंच करू का?

दिसायला सुंदर दिसतं, गाडी वळणात झुकते. चालण्यासाठी मात्र मॉडेलला त्याची गरज नाही. भारतीय ब्रॉडगेजवर मुख्य मार्गांना जास्तीत जास्त १६५ मिमी कँट (बाहेरच्या रुळाची जादा उंची) देतात, एचओत ते १.९ मिमी होतं. आपण त्याच्या निम्म्यावर थांबावं, कारण आपल्या आखूड वळणांवर हलके डबे आत कलंडतात. स्लीपरच्या बाहेरच्या टोकाखाली कार्डशीटची पट्टी द्या, आणि वळण सुरू व्हायच्या आधी ३० सेंमी तरी ती उंची शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. एकदम सुरू झालेली उंची म्हणजे पिळलेला रूळ.

धुळीमुळे घसरतं का?

सहसा नाही, पण खडीचा एखादा दाणा किंवा फेव्हिकॉलचा सुकलेला थेंब रुळाच्या आतल्या कडेला चिकटला तर नक्कीच. आसाभोवती गुंडाळलेले केस आणि गालिच्याचे धागे चिमट्याने काढा. काळे डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. करंट तुटून इंजिन झटके देत असेल तर त्या झटक्यानेही ते उतरतं.

लागणारी हत्यारं पुण्यात कुठे मिळतील?

सोल्डर, फ्लक्स आणि पातळ वायर तपकीर गल्लीत. फटी मोजायचं फीलर गेज नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत. बारीक कानशी, चुके, छोटी करवत रविवार पेठेत बोहरी आळीला. व्हर्निअर डिजिटल घेतलात तर बॅटरी उतरल्यावर आकडे चुकतात, दर वेळी तोंडं मिटवून शून्य येतं का पाहा.

आम्ही रूळ जमिनीवरच मांडतो. काही करता येईल?

गालिच्यावर मांडू नका. फरशीवर मांडत असाल तर दोन फरशांमधली सांध किंवा उंचसखल कोपरा वळणाखाली येऊ देऊ नका. सर्वात उत्तम म्हणजे प्लायवुडचा एक तुकडा. खेळ झाला की तो रुळांसकट पलंगाखाली सरकतो. रूळ रोज काढून जोडत असाल तर जॉइनर सैल होतात, ते पकडीने हलके दाबून घ्या किंवा वर्षाकाठी बदला.

वारंवार घसरल्याने इंजिनाचं काही बिघडतं का?

हो. घसरलेलं धातूचं चाक दोन्ही रुळांना एकदम टेकलं तर शॉर्ट होतं. डीसीसीवर, म्हणजे डिजिटल नियंत्रणावर, चालणाऱ्या मांडणीत करंट जास्त उपलब्ध असतो, आणि बूस्टरने (रुळांना करंट पुरवणाऱ्या पेटीने) वेळेत तोडला नाही तर बोगीचं प्लास्टिक वितळू शकतं. म्हणून आधी करंट बंद करायचा, मग इंजिनाला हात लावायचा. उचलून ठेवल्यावर लगेच पुढे सोडू नका. आपटल्याने चाकं आसावर सरकतात, तेव्हा बॅक-टू-बॅक पुन्हा मोजा. टेबलाच्या कडेपासून वळण आठ-दहा सेंमीपेक्षा जवळ असेल तर तिथे पाच सेंमी उंचीची ॲक्रिलिकची पट्टी स्क्रूने बसवा. सनमायका आणि ॲक्रिलिकचं काम करणारे तुकड्यांतून ती कापून देतात.